डबाबंद भाज्यांत पोषण किती उरतं? खान्देशकरांनो, अनुभव लिहा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की बाजारातली पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते. मग घरात डब्यातले मटार, मक्याचे दाणे येतात आणि कुणीतरी म्हणतंच, "डब्यातल्या भाजीत काही राम नसतो." खरंच नसतो का? डब्यावरचा मजकूर वाचताना, पथ्याच्या माणसाला वाढताना तुम्ही जे पाहिलंत ते इथे सांगा.

जळगाव : मी आहारशास्त्र शिकवते. मुली हमखास कच्च्या मटाराशी तुलना करतात. १०० ग्रॅम कच्च्या मटारात क जीवनसत्त्व साधारण ४० मिलिग्रॅम, डब्यातल्या निथळलेल्या मटारात १० च्या आसपास. आकडा बघून धसकाच बसतो. पण भाजीत कच्चे मटार कोण खातं? तेच ताजे मटार उकडून निथळले की १४ वर येतात. तुलना करायची तर १४ आणि १० ची करा. क आणि ब१ ही जीवनसत्त्वं उष्णतेने मोडतात, पाण्यात उतरतात. डबा बंद करून १२१ अंशांच्या आसपास तापवतात, कारण बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे बीजाणू नुसत्या उकळीने मरत नाहीत. प्रथिनं आणि तंतू मात्र बहुतांशी टिकतात.

धुळे : आमच्या नानांना बीपी आहे, त्यामुळे मला जीवनसत्त्वांपेक्षा मिठाची काळजी. मिठाच्या पाण्यातल्या मटारात १०० ग्रॅममागे अडीचशे मिलिग्रॅमच्या घरात सोडियम दिसतं, साध्या फ्रोझन मटारात अगदी थोडं. दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे २००० मिलिग्रॅम सोडियम, ही मर्यादा. मी दाणे चाळणीत ओतून नळाखाली धुते. त्याने काही सोडियम निघून जातं. थोडं जीवनसत्त्वही जातं, ते चालेल. ज्या दिवशी शेवभाजी आणि पापड असतो, त्या दिवशी डबा उघडत नाही.

शिरपूर तालुका : मिठाच्या बाबतीत फ्रोझन सरस, हे मान्य. पण आमच्या गावात लाइट गेली की तासन्‌तास येत नाही. दुकानात पाकीट हलवून बघा. दाणे सुटे वाजले तर घ्या. आत एकच ढेकूळ झालं असेल तर ते वितळून पुन्हा गोठलेलं असण्याची शक्यता मोठी. एका दुकानातून असं पाकीट आलं, भाजीला वासच निराळा. दुकानदाराने परत घ्यायलाही नकार दिला. तेव्हापासून उन्हाळ्यात मी डबाच आणते.

अमळनेर : तापवल्याने पोषण घटतं म्हणतात, पण टोमॅटो याला अपवाद. शिजवल्यावर त्यातलं लायकोपीन, म्हणजे लाल रंगद्रव्य, शरीराला जास्त मिळतं, तेलाच्या फोडणीने आणखी. प्युरी घेताना मीठ-साखर तेवढी बघा.

यावल : आमच्या सासूबाई अजून गच्चीवर बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) शेजारी गवार आणि वांग्याच्या फोडी वाळवतात. मीठ नाही, लाइट नाही, वर्षभर टिकतं. कडक उन्हात क जीवनसत्त्व जातं आणि मेथीचं कॅरोटीनही घटतं, म्हणून मेथी आम्ही पातळ धोतराखाली सावलीत वाळवतो. पानं हिरवीगार राहतात, चुरली की घरभर वास सुटतो. सासूबाईंची वाळलेली गवार रात्री भिजते, सकाळी शेंगदाण्याच्या कुटात शिजते. तंतू आणि खनिजांसाठी मी तिला डब्याच्या वर ठेवीन. फक्त पावसाळ्यात बरणी उघडी राहिली तर बुरशी धरते. तशी फेकून द्या, पुन्हा उन्हात घालून वापरू नका.

नंदुरबार : डब्यावर निथळलेलं वजन वेगळं लिहिलेलं असतं, ते वाचा. ४०० ग्रॅमच्या डब्यात दाणे २४० ग्रॅमच भरतात, बाकी पाणी. भाव त्यावरून काढा. फुगलेला डबा किती का स्वस्त मिळेना, घेऊ नका. उघडल्यावर उरलेले दाणे काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.