मांगा वाचून, ॲनिमे बघून जपानी : तुमचे अनुभव सांगा

परवा पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात समोरच्या टेबलावर अकरावी-बारावीतला एक मुलगा पुस्तक मागून पुढे वाचत बसला होता. शेजारच्या काकांना राहवेना. म्हणाले, "बाबा रे, उलटं धरलंयस." मुलगा हसला, "काका, जपानी चित्रकथा आहे ही, मांगा. हे असंच असतं."

मीही त्यातलीच. २००५ च्या सुमारास शाळेतून आल्या आल्या दप्तर फेकून हिंदीतला डोरेमॉन हा ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, लावायचा, ही आमची पिढी. त्यातला नोबिता जपानी बोलतो हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली. मग एक दिवस मूळ आवाज ऐकला आणि अडकले. आज चार वर्षं झाली. मांगा वाचता येतो, भांडता येत नाही, इतपत जपानी येतं.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. मी शिकले इंग्रजी पुस्तकांतून. त्यात एक धडा होता : क्रियापदाच्या 'ते' रूपाला 'मिरु' जोडलं की प्रयत्न करण्याचा अर्थ येतो. घोकला. सहा महिन्यांनी एका मांगात आई पोरापुढं ताटली सरकवत म्हणते, "ताबेते मिते." ताबेते म्हणजे खाऊन. मिरु म्हणजे बघणं. खाऊन बघ! आमची आई रोज म्हणते ते. मग मागे जाऊन पाहिलं तर 'ओकु' म्हणजे ठेवणं, आणि 'शिते ओकु' म्हणजे करून ठेवणं. 'ताबेते शिमात्ता' म्हणजे खाऊन टाकलं, तोच 'अरेरे, संपवलंच की' हा सूर धरून. 'मला कुत्रा आवडतो' यात आवडणारा कर्ता कुत्रा कसा, हे समजावायला पुस्तकानं दोन पानं घालवली होती. मराठी माणसाला त्यात समजावायचं काय? क्रियापद शेवटी, विभक्ती नामाच्या मागं, वाक्याच्या शेपटीला आपल्या 'ना' सारखा 'ने'. मी घरच्या दारानं आत जायचं सोडून गावाला वळसा घातला होता.

तर गोव्यातल्या आणि गोव्याबाहेर पांगलेल्या आपल्या लोकांनो, लिहा. उपदेश नको. काय वाचलंत, कुठं अडलंत, कुठं फजिती झाली, तेवढं सांगा.

घर फोंड्याला, नोकरी कांदोळीच्या एका हॉटेलात

फजितीपासूनच सुरुवात करतो. मारामारीचे ॲनिमे बघून मी जपानी शिकलो. शिकलो म्हणजे, मला वाटायचं शिकलो. तीन वर्षांपूर्वी सत्तरीचं एक जपानी जोडपं आलं. मॅनेजर म्हणाले, तुला येतं ना, जा पुढं. मी छाती काढून गेलो आणि आजोबांची बॅग उचलत म्हणालो, "ओमाए नो काबान, ओरे गा मोत्सु."

व्याकरणात एक चूक नाही. पण मराठीत सांगायचं तर मी म्हणालो, "ए, तुझी पिशवी मी धरतो." 'ओरे' हा मित्रांत मिशीला पीळ देऊन म्हणायचा 'मी'. 'ओमाए' म्हणजे ज्याच्याशी तुम्ही भांडताय किंवा लंगोटीयारी आहे असा 'तू'. आजोबा क्षणभर थांबले. आजी तोंडावर हात धरून म्हणाल्या, "ॲनिमे?" मी मान डोलावली. दोघं इतके हसले की लॉबीतली माणसं वळून बघायला लागली.

त्याच आजींनी पुढचे चार दिवस मला शिकवलं. 'तुम्ही' म्हणायला शब्द शोधूच नको. आडनाव घे, पुढं 'सान' लाव, आणि वाक्य संपव. बॅगेसाठी म्हणायचं, "ओनिमोत्सु, ओमोची शिमास." सामानाला मान, आणि उचलणारा मी खालच्या पायरीवर. हे ॲनिमेत दिसत नाही असं नाही, पण ते बोलणारा तिथं नोकर नाहीतर दुकानदार असतो आणि आपण बघत असतो हिरोकडे.

नंतर वाचनात आलं की यावर जपानी भाषाशास्त्रात अभ्यास आहे. पात्रावरून ठरणाऱ्या अशा बोलीला 'याकुवारिगो' म्हणतात. म्हातारा शास्त्रज्ञ स्वतःला 'वाशि' म्हणणार आणि वाक्य 'जा' नं संपवणार, श्रीमंताघरची मुलगी 'देसु वा' म्हणणार. खरी माणसं असं बोलत नाहीत, पण प्रेक्षकाला पात्र लगेच कळतं. आमच्या देवळाच्या उत्सवातल्या नाटकात मी दोनदा शिपाई झालोय. 'महाराज, आज्ञा' म्हणून झाल्यावर बाहेर चहावाल्याला 'आज्ञा' कोण म्हणतं? एवढं तरी मला कळायला हवं होतं.

म्हापसा, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष

माझे गुणच सांगते, त्यात सगळं येतं. एन-५, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची पहिली पायरी, पुण्याला दिली, डिसेंबरात. पणजीहून रात्रीची बस, सकाळी केंद्रावर, डोळे चोळत. ऐकण्याच्या विभागात ६० पैकी ५१. शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून १२० पैकी ४१. एकूण ९२. पास व्हायला १८० पैकी ८० लागतात, पण वाचनाच्या विभागात वेगळे किमान ३८ हवेत. म्हणजे तीन गुणांनी वाचले.

पुढच्या जुलैत एन-४, वरची पायरी. ऐकण्यात ४६, वाचनात ३६. नापास. एकूण ९० लागतात ते तर सोडाच, वाचनाचे ३८ सुद्धा झाले नाहीत.

ॲनिमेनं मला कान दिले, डोळे नाही दिले. आता मांगा वाचते, आणि तोही एकच नियम धरून : ज्यात फुरिगाना आहे तोच. कांजी म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं; त्यांच्या बाजूला बारीक हिरागानात, म्हणजे साध्या उच्चारलिपीत, उच्चार लिहिलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात. मुलांसाठीच्या मांगांत तो जवळजवळ सगळीकडे असतो, मोठ्यांच्या मांगांत बऱ्याचदा नसतो. फुरिगाना नसेल तर अनोळखी कांजी शब्दकोशात शोधायची कशी? रेघा मोजत बसा. मी २००३ मध्ये सुरू झालेल्या 'योत्सुबातो' पासून सुरुवात केली. पाच वर्षांची पोर, शेजारपाजार, सायकल, पाऊस. तलवारी नाहीत. पहिलं पान वाचायला मला चाळीस मिनिटं लागली होती. आता एक प्रकरण कदंब बसच्या दोन फेऱ्यांत होतं, जाताना अर्धं, येताना अर्धं.

एक तक्रार मात्र आहे. या परीक्षेत बोलणं नाही आणि लिहिणंही नाही, नुसते पर्यायांचे गोल काळे करायचे. मला बोलायची इतकी खाज आहे आणि बोलायला म्हापशात मांजर आहे फक्त. तिला जपानी कळतं असं माझं मत आहे.

मडगाव, नाव नको

दहा वर्षं बघतोय. येतं काय? नानी, बाका, सुगोई, यामेते. चार शब्द, वर्षाला अर्धा शब्दसुद्धा नाही. खाली इंग्रजी अक्षरं चालू असली की कान झोपतात, हे कबूल. बंद केली तर गोष्ट कळत नाही, हेही कबूल. वरच्या ताई कसं करतात देव जाणे.

*(धागाकर्ती : मी एकच भाग पाच वेळा बघते. पहिल्यांदा अक्षरं लावून, मग जपानी अक्षरं लावून, मग काहीच न लावता. वीस मिनिटांचा भाग आठवडाभर पुरतो. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू.)*

पेडणे, मराठी शाळेत शिक्षक

मला भाषेत रस होता तो आवाजांमुळे. मांगात आवाज चित्रासारखे काढलेले असतात, पानभर, वाकडेतिकडे. इंग्रजी भाषांतरात त्यांचं फार वाईट होतं, कारण इंग्रजीकडे तेवढे शब्दच नाहीत. आपल्याकडे आहेत.

मुसळधार पाऊस : झाझा. आपलं धो धो. हळू लागून राहिलेला पाऊस : शितोशितो. रिपरिप. पहिले थेंब : पोत्सुपोत्सु. टपटप. छातीत : दोकिदोकि, म्हणजे धडधड. चांदण्या किराकिरा, आपल्या लुकलुक. एखादा परकी भाषा पेरापेरा बोलतो, आपला फाडफाड बोलतो. आभाळ गोरोगोरो करतं तेव्हा गडगडतं, आणि रविवारी माणूस घरात गोरोगोरो करतो तेव्हा लोळतो. जूनमध्ये आमच्याकडे दोन्ही एकदमच होतात.

पण माझा आवडता आहे 'शीऽऽन'. काहीच आवाज नाही, याचा आवाज. रिकामी खोली, मधोमध एक माणूस, आणि हवेत लिहिलेलं शीऽऽन. वर्गात दाखवलं तर पोरं म्हणाली, "सर, शांततेला आवाज कसा?" मी म्हटलं, शुकशुकाट म्हणता तेव्हा काय करता?

आणखी एक. हिरागाना फळ्यावर लिहिला तेव्हा चौथीतल्या मुलीनं विचारलं, "हे आपलंच आहे का?" ओळी बघा : का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. क, त, न, म, य, र, व, क्रम तोच. मी आधी योगायोग समजलो होतो. बौद्ध भिक्षू संस्कृत लिहायची सिद्धम लिपी जपानात घेऊन गेले, तिच्या अभ्यासातून हा क्रम आला. ४६ अक्षरं मुलांनी पंधरा दिवसांत उचलली. शाळेत नेमून दिलेलं काही ती पंधरा दिवसांत उचलत नाहीत, हा भाग वेगळा.

डिचोली, वय ६४, निवृत्त

नातीमुळे या वयात नाद लागला. पण जपानशी ओळख जुनी. वडील बार्जवर होते. आमच्या बाजूचं लोहखनिज मांडवीतून मुरगावला जायचं आणि तिथून मोठ्या जहाजातून जपानला. लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. जहाज म्हणजे लोखंडाचा डोंगर. मागच्या बाजूला नाव, शेवटी 'मारू'. वडील म्हणायचे, सगळ्या जहाजांचं आडनाव एकच. व्यापारी जहाजांच्या नावामागं मारू लावायची तिथं जुनी प्रथा आहे, हे मला नातीनं सांगितलं, साठी उलटल्यावर. २०१२ साली खाणी थांबल्या, बार्ज किनाऱ्याला लागल्या. वडील तोवर गेले होते, ते बरंच झालं.

नात मांगा मोठ्यानं वाचते आणि मी अर्थ ओळखतो. एका चित्रात पोरगा साबणाचे फुगे उडवतोय. नात म्हणाली, "शाबोनदामा." मी म्हटलं, थांब. शाबोन? आमच्या आजोबांची पोर्तुगीज शाळा झालेली, ते साबणाला 'साबांव' म्हणत. मग दोघांनी वहीच केली. पाव तो पान. गुंडी ती बोतान, आमचा बुतांव. पावसात घालायचा तो कप्पा. तंबाखू ताबाको. आमच्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीतली वस्तू आणि तोक्योच्या दुकानातली वस्तू एकाच नावाची, कारण दोन्हीकडे पोहोचवणारा एकच.

तेव्हा तिला जुन्या गोव्यात घेऊन गेलो. सेंट फ्रान्सिस झेवियर या ख्रिस्ती धर्मप्रचारकाचं शव बघायला सगळे जातात. मी तिला सेंट पॉल कॉलेजची कमान दाखवली. त्या प्रचंड कॉलेजातलं एवढंच उरलंय, रस्त्याकडेला, गाड्या थांबतही नाहीत. १५४८ साली इथं अंजिरो नावाचा जपानी माणूस शिकत होता. झेवियरला तो मलाक्कात भेटला, गोव्यात आला, इथंच त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि १५४९ मध्ये त्याच्याचबरोबर झेवियर कागोशिमाला उतरला. झेवियरला जपानची बरीच माहिती मिळाली ती याच्याकडून. म्हणजे गोव्यात बसून जपानी माणसाकडून जपान शिकायचा उद्योग पावणेपाचशे वर्षांचा आहे, पोरांनो. तुम्ही नवं काही करत नाही.

नातीनं कमानीसमोर उभं राहून काय विचारलं असेल? "आजोबा, तो इथं काय जेवला असेल?" उत्तर नव्हतं. तिथून निघून पाव-भाजी खाल्ली.

कांदोळीवाला पुन्हा

आजोबा, नमस्कार. अंजिरोला तरी कोणी 'ओमाए' म्हटलं नसेल अशी आशा.

म्हापशाच्या मुलीची आई

वरची मांजरवाली माझीच लेक. तिनं हा धागा दाखवला म्हणून लिहितेय, मला जपानी येत नाही.

आमच्याकडे जेवायला बसलं की ती हात जोडून 'इतादाकिमास' म्हणते. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "वदनी कवळ विसरलीस का?" तिनं सांगितलं, याचा अर्थ 'नम्रपणे घेते', अन्न देणाऱ्याला आणि शिजवणाऱ्याला मिळून. सासूबाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "बरं. मग दोन्ही म्हण." तेव्हापासून दोन्ही म्हणते. भात निवतो.

एन-४ ला ती दुसऱ्यांदा बसली त्या रात्रीचं सांगते. पुण्याची बस साडेसातची. पावसाचे दिवस, वीज गेलेली. पायरीवर चपला घालत ती अंधारात म्हणाली, "इत्ते किमास."

मी विचारलं, "म्हणजे?"

"जाऊन येते. इत्ते, जाऊन. किमास, येते."

आतून देवघराकडून सासूबाईंचा आवाज आला. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं नव्हतं, दाराची कडी तेवढी ऐकली असणार. "जाऊन ये गो बाय, छत्री घे."

लेक तशीच उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, "आई, जपानात घरचे नेमकं हेच म्हणतात. इत्ते राश्शाई."

"छत्रीचंही म्हणतात?"

म्हणाली, बघून सांगते. अजून सांगितलेलं नाही. निकाल यायचाय.