युकुलेले ग्रुपला जावं का? येत काहीच नाही

गौरी_एमके
नमस्कार मंडळी, आम्ही मिल्टन कीन्सला असतो. इथल्या लायब्ररीत बोर्डावर एक कागद लागलाय की दर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) वाजवणारे जमतात, कोणत्याही लेव्हलचे चालतात, अगदी नवखे पण, आणि नवीन माणसाला पहिल्यांदा वाद्य तिथलंच वापरायला देतात. जायची फार इच्छा आहे पण धाकधूक होतेय. लहानपणी पेटी शिकले, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग दहावी आली आणि सगळं सुटलं ते सुटलंच, आता वय ४८. तारवाद्याला कधी हात लावलेला नाही, इंग्लिश नोटेशन वाचता येत नाही आणि ही लोकं साठ-सत्तरच्या दशकातली गाणी म्हणणार ती मला अर्धी पण माहीत नसणार. नवरा म्हणतो जा की, कोण हाकलून देणार आहे. पण सगळे वाजवतायत आणि मी नुसती बघत बसलेय असं झालं तर? कोणी गेलंय का अशा ग्रुपला? आणि युकुलेले आधीच विकत घेऊ का, साइज पण तीन-चार दिसतायत.

लीड्सची_मावशी
गौरी, बिनधास्त जा गं. मी इथे अशाच एका ग्रुपला बरीच वर्षं जातेय. काय होतं ते सांगते म्हणजे भीती जाईल. खुर्च्या गोलात मांडलेल्या असतात, एका बाजूला प्रोजेक्टरवर गाणं, शब्द आणि त्यावर कॉर्डची (एकत्र वाजवायच्या सुरांच्या जोडणीची) नावं, बस. नोटेशनचा काही संबंध नाही. शेजारी कॉर्डचे छोटे चौकोन काढलेले असतात, उभ्या रेघा म्हणजे तारा, आडव्या म्हणजे फ्रेट (वाद्याच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि ठिपका जिथे तिथे बोट, दहा मिनिटांत समजतं. आधी दोन-तीन कॉर्डची गाणी घेतात, मग चहा-बिस्किटं, मग जरा अवघड. हॉलचं भाडं आणि चहा म्हणून दोन-तीन पौंड डब्यात टाकायचे. बहुतेक जण रिटायर झालेले असतात आणि नवीन कोणी आलं की त्यांना इतका आनंद होतो की तुला बाजूला बसवून सी कॉर्ड शिकवायला तिघं धावतील.

सी म्हणजे एकच बोट, मांडीकडच्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला अनामिका. ए मायनर पण एकच बोट. एफला दोन, जी सेव्हनला तीन. एवढ्या चारात ढीगभर गाणी वाजतात. आणि मुख्य गोष्ट ऐक, डावा हात चुकला तरी चालेल पण उजवा हात थांबवायचा नाही. जी सेव्हन वेळेवर नाही लागला तर तारांवर बोटं नुसती टेकवून ठेव, आवाज दबलेला येईल, पण हात वरखाली चालू दे आणि पुढचा सी आला की पकड. भजनी मंडळात मागच्या रांगेत टाळ धरून बसतो ना आपण, एखादा अभंग येत नसला तरी ठेका सुटत नाही, अगदी तसंच. चाळीस जणांच्या आवाजात तुझा चुकलेला सूर तुला सोडून कोणाला ऐकू येत नाही.

गाण्यांचं म्हणशील तर मला पण अर्धी माहीत नव्हती. ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं की येतंच म्हणता.

काळी_चार
ताई तुम्ही पेटी शिकलाय म्हणजे निम्मं काम झालंय, फक्त तुम्हाला ते माहीत नाही. तारा जी-सी-ई-ए अशा लावतात. पांढरी एक ला सा धरलात तर त्याच झाल्या प, सा, ग, ध. गंमत अशी की वरची, म्हणजे हनुवटीकडची जी, ही खर्जातली नाही, मधल्याच सप्तकातला पंचम आहे, म्हणजे चारही तारा एकाच सप्तकात. त्यामुळेच तो खळखळ पाण्यासारखा आवाज येतो. (काही जण मुद्दाम जाड तार लावून खालची जी करतात, पण ते नंतरचं.) आता कॉर्ड बघा: सी म्हणजे सा-ग-प, एफ म्हणजे म-ध-वरचा सा, ए मायनर म्हणजे ध-सा-ग, जी सेव्हन म्हणजे प-नी-रे-म. पाठ करायचं काही राहिलंच नाही.

अडचण पट्टीची येईल. ग्रुप सी, एफ, जी असल्या पट्टीत गाणार आणि आपल्याकडच्या बायका बहुतेक काळी चार-पाचला (पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून) गातात. तिथे त्यांच्या पट्टीत गुणगुणा, पण घरी आपली गाणी वाजवाल तेव्हा छोटा कापो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) मिळतो तो पहिल्या फ्रेटला लावा आणि जीच्या कुटुंबातले कॉर्ड धरा, झाली काळी चार. केहरव्याची जुनी मराठी भावगीतं तर फार छान बसतात, आठ मात्रा, खाली-वर-खाली-वर, काही वेगळं शिकायला नको. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) मात्र विसरा, फ्रेटचं वाद्य आहे आणि तारेचा आवाज पटकन विरतो.

डोंबिवली_फास्ट
सगळे गोडगोड बोलतायत म्हणून जरा उलट बाजू. मी लंडनला नोकरीला होतो तेव्हा एका पबच्या मागच्या खोलीत असा ग्रुप भरायचा तिथे जायचो. मजा असते, नाही म्हणत नाही, पण शिकायला म्हणून जाल तर निराश व्हाल. पहिल्या रांगेतले आठ-दहा लोक आपसात सगळं ठरवतात, लय प्रत्येक गाण्यात वाढत जाते, आणि मागे बसलेला माणूस तेच चार कॉर्ड दोन वर्षं खडखडवत राहतो कारण कोणी बोटं कशी टाकतोयस ते बघत नाही. ग्रुपच्या जोडीला घरी रोज थोडं हळू, एकट्याने वाजवलं तरच हात सुधारतो. आणि खरं सांगू का मला ते वाद्य खेळण्यासारखंच वाटतं, गिटार शिका त्यापेक्षा.

माडगांवकार
@डोंबिवली_फास्ट पहिला मुद्दा मान्य, खेळणं वगैरे नाही पटलं. १८७९ च्या ऑगस्टमध्ये रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज माडेरा बेटावरच्या पोर्तुगीज लोकांना उसाच्या मळ्यात कामाला घेऊन होनोलुलूला लागलं, त्यात तीन सुतार होते, नुनेस, डियास आणि एस्पिरितो सांतो. माडेरात माशेत म्हणून चार तारांचं छोटं वाद्य होतं, त्याच्यावरून यांनी हवाईत जे बनवायला सुरुवात केली ते हे. राजा कालाकौआने दरबारात नेलं म्हणून तिथे मान मिळाला. आमच्या गोव्यात पोर्तुगीजांबरोबर गिटार, व्हायोलिन रुजलं आणि हा धाकटा भाऊ मात्र पार पॅसिफिकला जाऊन मोठा झाला, मला नेहमी मजा वाटते. इंग्लंडात तर युकुलेले ऑर्केस्ट्रा ऑफ ग्रेट ब्रिटन १९८५ पासून आहे, मोठमोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम करतो, नुसत्या युकुलेलेंवर. गिटार सहा तारांची, बोटं सोलवटतात, बरेच लोक मध्येच सोडतात. युकुलेलेच्या तारा नायलॉनसारख्या मऊ असतात, ४८ व्या वर्षी सुरू करायला याहून बरं काय आहे.

ऑकलंडचा_आप्पा
साइजचं कोणी बोललंच नाही. सोप्रानो सगळ्यात छोटा, साधारण २१ इंच, मग कॉन्सर्ट २३, टेनर २६. बॅरिटोन घेऊ नका, त्याच्या तारा डी-जी-बी-ई लावतात म्हणजे ग्रुपने सांगितलेले बोटांचे आकार जुळणार नाहीत. मोठ्या माणसाच्या बोटांना कॉन्सर्ट बरा पडतो, पण आधी ग्रुपचा वाजवा, शेजारच्याचा पण मागून बघा, मग घ्या. तिकडे ४०-६० पौंडात चांगला येतो. रंगीत चित्रं काढलेले अगदी स्वस्तातले नकोत, त्यांच्या खुंट्या टिकत नाहीत. क्लिपवाला ट्यूनर (तारा सुरात लावायचं छोटं यंत्र) त्याच दिवशी घ्या. नव्या तारा सुरुवातीचे काही दिवस ताणत राहतात, दर गाण्यानंतर उतरतात, वाद्य खराब निघालं म्हणून परत करायला धावू नका. इथे न्यूझीलंडला शाळेतली पोरं हे वाजवतात, नातीने मला शिकवलं.

गौरी_एमके
अरे वा, प-सा-ग-ध वाचून एकदम उत्साहच आला! मंगळवारी जातेय, नक्की. @डोंबिवली_फास्ट, घरी रोज बसायचं लक्षात ठेवते. फक्त एक राहिलंच, मी डावखुरी आहे. पेटीला काही फरक पडला नव्हता पण इथे उलटा धरावा लागेल का?

लीड्सची_मावशी
नको गं, सुरुवातीला सगळ्यांसारखाच धर. ग्रुपचं वाद्य सरळ लावलेलं असेल आणि सगळी चित्रं पण तशीच, उलटा धरलास तर प्रत्येक चौकोन मनात आरशात बघावा लागेल. तसंही कॉर्ड धरायचं किचकट काम डाव्या हाताकडे आहे, त्यात तुला फायदाच. आमच्यातले दोघं डावखुरे सरळच वाजवतात. एकाला मात्र जमलंच नाही, उजव्या हाताने ठेका येईना, त्याने दुकानात नेऊन तारा उलट्या क्रमाने लावून घेतल्या आणि मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या खाचा पण बदलून घेतल्या, कारण सीची तार जाड असते, ती ईच्या खाचेत नीट बसत नाही. तू ते महिना-दोन महिन्यांनी ठरव. आणि डाव्या हाताची नखं सोमवारीच काप, नाहीतर बोट तारेवर टेकतच नाही.