टायटल्समध्ये ‘आवाज’ लिहायचं की ‘संगीत’?

अनाहत:
२२ मिनिटांच्या एका मूकपटाचं काम चार महिन्यांनी संपलं. वाद्य एकही नाही, शब्द एकही नाही, जे काही ऐकू येतं ते माझ्या गळ्यातून. त्यातला एक प्रसंग सांगते. एक बाई रिकाम्या घरातली दारं एकेक करून लावत जाते. तिथे मी गात नाही. श्वास आत ओढताना घशात जो घोगरा सूर उमटतो, तेवढाच ठेवलाय. सात दारं, सात श्वास, प्रत्येक आधीच्याहून आखूड. सातव्या दाराला सूरही नाही, नुसता ओठ मिटल्याचा आवाज. हे पक्कं व्हायला नऊ दिवस गेले.

काल टायटल्स पाहिली. माझ्या नावापुढे ‘आवाज’. ‘संगीत’ ही ओळच नाही. दिग्दर्शकांचं म्हणणं, स्वरलिपी नाही, चाल नाही, मग संगीतकार कसं लिहायचं? रात्रभर डोळा लागला नाही. पुढच्या महिन्यात मूकपट पडद्यावर चालू असताना मला शेजारी बसून हे सगळं प्रत्यक्ष गायचंय. अशा कामाला आजवर काय म्हटलं गेलंय? आणि हे कागदावर उतरवायचं कसं?

खर्ज:
संगीतकार. दुसरा शब्द नाही.

गायिका कॅथी बर्बेरियनचं उदाहरण द्या त्यांना. १९६१ची ‘विसाज’ ही टेपवरची रचना आहे. बर्बेरियनचं हसणं, रडणं, उसासे, अडखळती अक्षरं हाच त्या रचनेचा प्राण. बर्बेरियनने हे उत्स्फूर्तपणे केलं, इटालियन संगीतकार लुचानो बेरिओने त्यातून रचना बांधली आणि संगीतकार म्हणून नाव त्याचं लागलं. बांधणारा तो होताच, पण तिच्याशिवाय बांधायला काही नव्हतं. पुढे १९६६मध्ये तिने ‘स्ट्रिप्सोडी’ स्वतःच्या नावावर रचली. चित्रकथांमधले धडाम, फिस्स असे ध्वनिशब्द घेतले. तिची लिपी म्हणजे चक्क चित्रं आहेत, आकृती जितकी वर तितका सूर चढा! तेव्हा ‘स्वरलिपी नाही’ हे कारण साठ वर्षांपूर्वीच निकालात निघालंय.

अमेरिकन गायिका मेरेडिथ मंक तर आपल्या रचना गायकांना तोंडीच शिकवत आली. तिचं ‘डोल्मेन म्यूझिक’ (१९८१) जरूर ऐका. १९९१मध्ये ह्यूस्टनला तिचा ‘अ‍ॅटलस’ हा ऑपेरा झाला, त्यातही शब्द अगदी नावापुरते. तिने चित्रपटही केले. तिला संगीतकार म्हणताना कुणी अडखळत नाही.

आता लिहायचं कसं. कागदाला तीन रकाने करा. पहिल्यात मिनिट-सेकंद. दुसऱ्यात तोंडाने नेमकं काय करता ते: हवा आत की बाहेर, जीभ कुठे, ओठ किती उघडे. तिसऱ्यात आवाज संपतो कसा, तुटून की विरून. बहुतेक जण सुरुवात लिहितात आणि शेवट विसरतात. तुमच्या सात श्वासांत तर सगळं शेवटातच आहे.

प्रत्यक्ष गाताना पडदा पाठीशी किंवा बाजूला येतो, म्हणून पायाशी छोटा मॉनिटर मागून घ्या. श्वास आत ओढून काढलेल्या सुराने घसा फार लवकर कोरडा पडतो. चौथ्या-पाचव्या दाराशी आवाज फाटेल. तालमीत हा भाग लागोपाठ दोनदा करू नका.

निषाद:
चित्रपटातलं एक उदाहरण माझ्याकडून. ‘ग्लॅडिएटर’ (२०००). गायिका लिसा जेरार्ड त्यात कुठल्याच भाषेत गात नाही, अक्षरं तिची तिनेच घडवलेली. संगीतासाठी संगीतकार हान्स झिमरसोबत तिचंही नाव लागलं, गोल्डन ग्लोब दोघांना मिळाला. ऑस्करचं नामांकन मात्र एकट्या झिमरला. म्हणून म्हणते, ओळ आत्ताच बदलून घ्या, प्रदर्शनानंतर कुणी हात लावत नाही.

मंद्र:
मूकपटासमोर गाणार असाल तर तान्या टागाक या गायिकेचं काम शोधा. १९२२च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ या मूकपटासमोर ती २०१२पासून गात आली आहे. ती कॅनडाच्या उत्तरेतल्या मूळनिवासी इनुइट समाजातली आहे, आणि पडद्यावर तिच्याच लोकांचं चित्रण एका परक्याने केलेलं आहे. ती त्या चित्रांना साथ करत नाही, गळ्याने त्यांना जाब विचारते. ते पाहून मी बराच वेळ जागचा हललो नव्हतो.

एक मात्र विचारतो, राग मानू नका. आत ओढलेल्या श्वासाचा तो सूर कुठून आला? इनुइट बायकांच्या ‘कटाजक’ या कंठगायनाच्या खेळात दोघी समोरासमोर उभ्या राहून असेच श्वास एकमेकींवर गुंफतात, जी आधी हसेल किंवा दमेल ती हरते. अमेरिकन संगीतकार कॅरोलाइन शॉच्या आठ आवाजांच्या रचनेला २०१३चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्या रचनेत कटाजक वापरलं पण त्याचं श्रेय दिलं नाही, अशी जाहीर हरकत टागाकनेच २०१९मध्ये घेतली. ती रचना गाणाऱ्या समूहाने इनुइट शिक्षिकांकडून रीतसर धडे घेतले होते, तरीही.

अनाहत:
नाही हो, राग कसला. तिथूनच आलाय. दोन वर्षांपूर्वी कटाजकची ध्वनिमुद्रणं ऐकली आणि तो श्वास डोक्यातून गेलाच नाही. माझ्या प्रश्नात हे मी लिहायला हवं होतं.

आज रकाने आखून बसले. नुसत्या दारांच्या प्रसंगाला अडीच पानं लागली. शेवटच्या रकान्यात पाचव्या श्वासापुढे काय लिहावं ते सुचेना, तेव्हा पुन्हा गाऊन पाहिलं. तो विरत नाही, गिळला जातो. चार महिने गातेय, आज कळलं.

दिग्दर्शकांना पानांसोबत दोन ओळी पाठवल्या आहेत. ‘संगीत व आवाज’ आणि पुढे माझं नाव. त्याखाली, ‘दारांच्या प्रसंगातील श्वास इनुइट बायकांच्या कटाजकवरून’. उत्तर यायचंय.