फ्राका की ब्लूम? निशिगंधाच्या परफ्युमचे अनुभव सांगा

भावाच्या लग्नासाठी एकच बाटली घ्यायची आहे. मनात दोन आहेत: रोबेर पिगेचा १९४८ सालचा फ्राका आणि गुच्चीचा २०१७ चा ब्लूम. दोन्हींत निशिगंध, आणि दुकानातल्या कागदी पट्टीवर दोन्ही आवडले. तुम्ही अंगावर लावून पाहिलं असेल तर लिहा.

—

पट्टीवर ठरवू नका. मी दोन मनगटांवर दोन लावून सकाळी आठला बाहेर पडले, नागपुरात, एप्रिलमध्ये. फ्राका लोण्यासारखा दाट. रिक्षात शेजारी बसलेल्या बाईंनी कुठला म्हणून विचारलं. ब्लूम कोवळा, कळीचा हिरवेपणा असलेला. त्यात मधुमालतीही आहे हे मागाहून कळलं आणि माहेरच्या फाटकावरचा वेल आठवला: संध्याकाळी पांढरी उमलून पुढे गुलाबी, मग लाल होणारी फुलं. दुपारी दोनपर्यंत फ्राका खोलीभर होता, ब्लूम अंगालगत आला होता. मला तसाच हवा होता, ब्लूम घेतला.

—

बंद हॉल असेल तर एकच फवारा. तोही निघण्याआधी अर्धा तास.

—

आमच्या शेतात एकेरी निशिगंध आहे. तोडल्यावरही हे फूल सुगंध तयार करत राहतं. फ्रान्समधल्या ग्रास या गावात पूर्वी काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर फुलं मांडायचे ते याचसाठी; चरबी वास ओढून घ्यायची. ताज्या फुलात सांधेदुखीच्या मलमासारखी एक तिखट झाकही असते. दोन्ही बाटल्यांत ती शोधून बघा. मला ती सापडली की फूल खरं वाटतं.

—

माझं मत फ्राकाला. जर्मेन सेलिए या बाईंनी तो घडवला. रात्री गजरा काढून ठेवला की उशाशी जो जड वास राहतो, तो इंडोल या द्रव्याचा; मोगऱ्यात असतो, निशिगंधातही. काहींना नकोसा होतो, मला त्याच्याशिवाय पांढरी फुलं अपुरी वाटतात. बहिणीच्या लग्नानंतर तीन दिवस शालूला तो वास होता, कपाटात ठेवायला मन होईना. फक्त जरीवर फवारू नका, डाग पडतो. मानेमागे लावा.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्हींच्या छोट्या कुप्या मागवल्यात. रविवारी दोन मनगटं, दिवसभर, स्वयंपाकघरातसुद्धा. संध्याकाळी इथेच लिहिते.