प्रति: स्वस्तातली आयशॅडो पॅलेट घ्यावी का?
वर विचारलंय की स्वस्त पॅलेटचा, म्हणजे पापण्यांना लावायच्या रंगांच्या डबीतला, रंग दुपारपर्यंत पापणीच्या घडीत गोळा होतो, म्हणजे पैसे पाण्यात का? नाही गं. मुंबईच्या दमट हवेत महागड्याही तेच करतात. आधी पापणीवर कन्सीलरचा (डाग झाकायच्या क्रीमचा) अगदी पातळ हात, वर जराशी पावडर, मग रंग. मॅट, म्हणजे बिनचमकीचे, तपकिरी रंग बहुधा खडूसारखे भुरभुरतात, गालावर सडा पडतो. म्हणून ब्रश झटकून घ्यायचा आणि थोपटायचा, घासायचा नाही. शिमर, म्हणजे चमकदार रंग, मात्र सरळ बोटाने लाव, बोटाच्या उबेने छान बसतो. क्रॉफर्ड मार्केटातून घेणार असशील तर मागे बॅच नंबर, परवाना क्रमांक, मुदत छापलीय का बघ. नसेल तर फुकट दिली तरी नको. आणि डोळ्यांत लेन्स वापरत असशील तर जाड चमकी टाळच.