मदत हवी आहे: विज्ञान-संवादावर पीएचडी करायची आहे, मार्गदर्शक कुठे शोधू?

नमस्कार मंडळी. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलंय, राहते कोथरूडला. कोविडच्या काळात सोसायटीत लसीचे आकडे सांगून थकले. आजींनी ऐकलं ते नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांचं. ॲरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधनं सांगितली: तर्क, भावना आणि बोलणाऱ्याची विश्वासार्हता. त्यातलं तिसरंच मला अभ्यासायचंय, तेही मराठीतल्या विज्ञानलेखनात. (जयंत नारळीकर सर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत. सही उत्तराखाली मिळे!)

अडचण अशी, की विज्ञानवाले म्हणतात विषय भाषेचा, भाषावाले म्हणतात विज्ञानाचा. पुण्यात अर्ज संज्ञापनातून (पत्रकारिता, जनसंवाद) करू की समाजशास्त्रातून? नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) त्या विषयातून पुन्हा द्यावी लागेल का? कोणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा.