रविवारच्या कार्यक्रमाची नोटीस

बी-३०२: सेक्रेटरी साहेब, बोर्डावरची नोटीस आज उतरवा. 'मार्क झाखारोव यांचा रॉक ऑपेरा' काय? झाखारोव दिग्दर्शक. 'युनोना आणि अवोस'चं संगीत अलेक्सेई रिब्निकोवचं, शब्द कवी आंद्रेई वोझ्नेसेन्स्कीचे. मागच्या वेळीही असंच झालं होतं, तेव्हा गप्प बसलो.

सेक्रेटरी: काका, बोर्डावर जागा तेवढीच होती 🙏 असं वैयक्तिक कळवलंत तर बरं.

सी-१०४: क्लबहाऊसच्या एसीचं बिल कोण भरणार?

ए-७०४: काकांचं बरोबर आहे. 'अवोस' ही वोझ्नेसेन्स्कीची मूळ कविता १९७० ची. रिब्निकोवचं संगीत ऑर्थोडॉक्स स्तोत्रांच्या वळणाचं, त्यात इलेक्ट्रिक गिटार. प्रयोग उभा राहिला मॉस्कोच्या लेनकॉम थिएटरात, जुलै १९८१. तिघांपैकी एक काढला तर उरतं काय?

सी-५०१: अवोस म्हणजे काय हो?

ए-७०४: रामभरोसे. जमलं तर जमलं. जहाजाचं नाव आहे.

डी-२०३: म्हणजे आपली लिफ्ट 😂

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय इथे नको. एएमसी झालेली आहे.

बी-३०२: रविवारी दाखवायची जी फाईल काल टाकलीत ती पूर्ण पाहिली का कुणी? चित्र १९८३ च्या टीव्ही चित्रीकरणाचं, आवाज मेलोदिया या सोव्हिएत रेकॉर्ड कंपनीच्या १९८२ च्या दोन तबकड्यांचा. तबकडीवर नायक रेझानोव गातो गेन्नादी त्रोफिमोव, रंगमंचावर निकोलाई काराचेन्त्सोव. नायिका कोंचिता तिथे आन्ना रिब्निकोवा, इथे येलेना शानिना. ओठ जुळणार कसे?

ई-६०२: मूळ आवाज बारीक येत होता म्हणून केलं. तीन रात्री लागल्या. कौतुक राहू दे.

ए-७०४: ताई, मेहनत दिसतेय. पण दोन्हींची लय आणि लांबी वेगळी, ओढूनताणून बसणार नाही. मूळ आवाजच ठेवा. इक्वलायझरवर खालचा बास उतरवा, मधला पट्टा थोडा चढवा, शब्द मोकळे होतील. सबटायटल पहिल्या गाण्यावर आणि शेवटच्या 'अल्लेलुया'वर तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर नुसते सेकंद सरकवा. फरक वाढत गेला तर फ्रेमरेटचा घोळ: चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं, सबटायटल २३.९७६ चं. तासाला अडीच मिनिटं चुकतात.

सी-१०४: एसीचं बिल?

ए-१०३: बेचाळीस वर्षांचा माणूस आणि सोळाची मुलगी. मुलांसमोर हे दाखवायचं?

बी-३०२: मॅडम, इतिहासात ती पंधराची. १८०६, सॅन फ्रान्सिस्को. रेझानोव पीटर्सबर्गकडे परतताना १८०७ मध्ये क्रास्नोयार्स्कला वारला. ती पुढे नन झाली. नाटक त्याला धुतल्या तांदळासारखा दाखवत नाही, बघून बोला. आणि दोन जहाजांपैकी कॅलिफोर्नियाला गेली ती एकटी युनोना. अवोस तिकडे गेलीच नव्हती.

डी-२०३: नावात आहे पण हजर नाही. आपले कमिटी मेंबर 😀

ई-६०२: कोणाला उद्देशून?

डी-२०३: जनरल बोललो ताई 🙏

सी-५०१: 'रॉक' शब्दाला सोव्हिएत काळात बंदी नव्हती का?

ए-७०४: शब्द टाळायचे. १९७५ ला लेनिनग्राडमध्ये संगीतकार झुर्बिनचा 'ऑर्फियस आणि युरिडिस' आला तो 'झोंग-ऑपेरा' म्हणून; झोंग म्हणजे जर्मन 'सॉन्ग', गाणं. 'युनोना'ला 'आधुनिक ऑपेरा' म्हटलं. वाजत होतं ते सगळ्यांना ऐकू येतच होतं. १९८३ ला फॅशन डिझायनर पिएर कार्दँने प्रयोग पॅरिसला नेला.

सी-१०४: बिल.

सेक्रेटरी: सुधारित नोटीस लावली. संगीत रिब्निकोव, काव्य वोझ्नेसेन्स्की, दिग्दर्शन झाखारोव. आता विषय बंद.

बी-३०२: नृत्यरचना व्लादिमिर वासिलियेव. मॉस्कोच्या बोल्शोई बॅलेचा. तो गाळलात.

सेक्रेटरी: पेनने लिहा काका. बोर्डाची किल्ली वॉचमनकडे आहे.